‘एका वेळी तीस ग्रॅम’ ते ‘मर्यादाच नाही’: एका गाजलेल्या पेपरचं वाचन



मागच्या महिन्यात मावसभावाचा व्हॉइस मेसेज आला. “ताई, एका वेळी तीस ग्रॅमच प्रोटीन पचतं म्हणायचे ना, ते खोटं निघालं म्हणे. शंभर ग्रॅम खाल्लं तरी अंगी लागतं. रील आलंय. मग मी दोन वर्षं रात्रपाळीत दर तीन तासांनी डबा उघडून उकडलेली अंडी का खात बसलो होतो?”

प्रश्न रास्त होता. मला उत्तर द्यायला जड गेलं, कारण त्यात माझाही हात होता. तीस ग्रॅमची गोष्ट त्याला पहिल्यांदा जिममधल्या ट्रेनरने सांगितली तेव्हा त्याने मला फोन करून विचारलं होतं. मी म्हणाले होते, “हो, साधारण तसंच आहे.” एमएस्सी झालेलं, पीएचडीला नुकता प्रवेश मिळालेला, आत्मविश्वास भरपूर. तो गोदामात काम करतो. मध्येच डबा उघडला की मुकादमाची बोलणी खातो. ती बोलणी त्याने माझ्या भरवशावर खाल्ली.

म्हणून हा लेख अर्धा परीक्षण, अर्धा प्रायश्चित्त. ज्या पेपरवरून ते रील निघालं तो मी नीट वाचला. पेपर चांगला आहे, पण त्याच्या शीर्षकाशी माझं भांडण आहे. आणि रील बनवणाऱ्यांनी शीर्षकापलीकडे फारसं काही वाचलेलं दिसत नाही.

आधी तीन शब्द वेगळे करू

‘अंगी लागणं’ हा आपला शब्द फार छान आहे, पण त्यात तीन प्रश्न एकत्र गुंडाळलेले आहेत. खाल्लेलं प्रथिन पचलं किती, शोषलं किती आणि वापरलं किती?

पचन म्हणजे प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटणं. हे काम जठरात पेप्सिन सुरू करतं, पुढे स्वादुपिंडातून आलेली ट्रिप्सिनसारखी विकरं ते पुढे नेतात. शोषण म्हणजे तुटून तयार झालेली अमिनो आम्लं आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे लहान आतड्याच्या पेशींतून आत जाणं. आणि वापर म्हणजे आत गेलेल्या मालाचं पुढे जे काही होतं ते: आतडं आणि यकृत स्वतःसाठी ठेवून घेतं, स्नायू घेतात, विकरं आणि रक्तातली प्रथिनं बनतात, काही जळून ऊर्जा मिळते आणि नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो.

या तिन्हींची गल्लत करणाऱ्यांवर मी हसणार नाही. माझं काम कडधान्यांच्या प्रथिनांवर आहे. प्रयोगशाळेत नळीत कृत्रिम जठररस आणि आंत्ररस घालून मी ती ‘पचवते’. पहिल्या वर्षीच्या पोस्टरवर मी मोठ्या अक्षरांत ‘शोषण’ असं लिहिलं होतं. आमच्या गाइडनी लाल पेनाने त्या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, “नळीला आतडं कुठे आहे?” तो गोल अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो.

आता, शोषणाला तीस ग्रॅमची मर्यादा आहे का? नाही, आणि हे सांगायला २०२३ च्या पेपरची गरजच नव्हती. शोषणाला वेग असतो, झाकण नसतं. जेवण मोठं असेल तर जठर ते हळूहळू पुढे सोडतं. आतड्याकडून ‘थांब जरा’ असा संप्रेरकांचा निरोप जातो आणि माल रांगेत उभा राहतो. शिवाय आतड्यात रोज आपण खाल्लेलंच प्रथिन येतं असं नाही. पाचक रसांतली विकरं, आतड्याच्या झडलेल्या पेशी, हे आपलंच प्रथिनही तिथे येतं, आणि त्यातलं बरंचसं पुन्हा पचून आत घेतलं जातं. एवढा व्यवहार रोज सांभाळणारं आतडं एकतिसाव्या ग्रॅमला दार लावून घेईल, हे मुळातच पटणारं नाही.

मग तीसचा आकडा आला कुठून?

तो हवेतून आला नाही. २००९ साली दोन अभ्यास आले. एकात मूर आणि सहकाऱ्यांनी सहा तरुण पुरुषांना पायांचा व्यायाम करायला लावून वेगवेगळ्या दिवशी ०, ५, १०, २० आणि ४० ग्रॅम अंड्याचं प्रथिन दिलं. पुढच्या चार तासांत स्नायूंमध्ये नवीन प्रथिन किती वेगाने बनतं ते मोजलं. वीस ग्रॅमपर्यंत वेग वाढला, चाळीसला फारसा वाढला नाही. मात्र ल्युसिन हे अमिनो आम्ल जळण्याचं प्रमाण वाढलं. दुसऱ्या अभ्यासात सायमन्स आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांना गोमांस दिलं: एकदा ११३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम प्रथिन, आणि एकदा ३४० ग्रॅम, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम. स्नायूंमधली बांधणी दोन्ही वेळा साधारण सारखीच वाढली.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक. पण त्यांनी मोजलं काय? स्नायूंतल्या बांधणीचा वेग, चार-पाच तासांपुरता. शोषण नव्हे. ‘तीसच्या पुढे स्नायूंचा वेग वाढत नाही’ या वाक्याचं जिमपर्यंत पोचता पोचता ‘तीसच्या पुढे शरीर घेतच नाही’ असं वाक्य झालं. डब्यावर ‘एक चमचा’ लिहिणाऱ्यांना आणि दिवसातून सहा वेळा खायला सांगणाऱ्यांना ते सोयीचं होतं, म्हणून टिकलंही. आणि माझ्यासारख्या ‘साधारण तसंच आहे’ म्हणणाऱ्यांमुळेही टिकलं.

नवा पेपर काय करतो

नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या गटाचा, ट्रॉमेलेन, फान लोन आणि सहकाऱ्यांचा हा पेपर डिसेंबर २०२३ मध्ये ‘सेल रिपोर्ट्स मेडिसिन’मध्ये आला. त्यांनी नेमकं घड्याळावर बोट ठेवलं. मोठं जेवण पचायला वेळ लागतो, हे माहीत असताना चार तासांनी मोजणी थांबवणं म्हणजे मध्यंतरातच थिएटरमधून उठून येणं आणि शेवट सांगणं. म्हणून त्यांनी बारा तास मोजलं.

नियमित व्यायाम करणारे ३६ निरोगी तरुण पुरुष, बारा-बाराचे तीन गट. सगळ्यांनी संपूर्ण शरीराचा वजनांचा व्यायाम केला. मग एका गटाला नुसतं पेय, दुसऱ्याला २५ ग्रॅम आणि तिसऱ्याला १०० ग्रॅम दुधाचं प्रथिन दिलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते दूध. कार्बनचा जड समस्थानिक, कार्बन-१३, असलेली अमिनो आम्लं गाईंना शिरेतून देऊन त्यांच्याच शरीरात खूण केलेलं दूध तयार केलं होतं. त्यामुळे माणसाच्या रक्तात किंवा स्नायूत सापडलेलं अमिनो आम्ल या पेल्यातून आलं की शरीरातलंच जुनं आहे, हे वेगळं ओळखता येतं. रंग लावलेलं पाणी पाटात सोडून ते कोणत्या वाफ्यात पोचलं हे पाहण्यासारखं. पद्धत म्हणून हे काम अव्वल आहे, यात वाद नाही.

निकाल असा: शंभर ग्रॅमच्या गटात प्रथिन बारा तास संपेपर्यंत आतड्यातून रक्तात येतच राहिलं. स्नायूंमधली बांधणी २५ ग्रॅमच्या गटापेक्षा पहिल्या चार तासांत सुमारे २० टक्के आणि पुढच्या आठ तासांत सुमारे ४० टक्के जास्त होती. आणि जळण्याचं प्रमाण फारसं वाढलं नाही. म्हणजे ‘जास्तीचं सगळं वाया’ हा समज मोडला. इथवर मी टाळ्या वाजवते.

आता माझं भांडण

पेपरच्या शीर्षकाचा आशय असा आहे की व्यायामानंतर प्रथिनाला मिळणाऱ्या प्रतिसादाला, तीव्रतेत आणि काळात, वरची मर्यादा नाही.

पहिली गोष्ट. तीन मात्रा मोजल्या: शून्य, पंचवीस, शंभर. यातून ‘मर्यादा पंचवीसवर नाही’ एवढं म्हणता येतं. पन्नासवर असेल? सत्तरवर असेल? पंचवीस आणि शंभरच्या मध्ये एकही बिंदू नाही आणि शंभरच्या पुढे तर कोणी गेलंच नाही. कोणी पुणे ते लोणावळा गाडी चालवून ‘या रस्त्याला शेवटच नाही’ म्हणालं तर आपण मान्य करू का? ‘आम्हाला शेवट दिसला नाही’ आणि ‘शेवट नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शास्त्रज्ञांनी तरी ती वेगळी ठेवायला हवीत.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या भावासाठी हीच महत्त्वाची. इथे तुलना १०० ग्रॅम विरुद्ध २५ ग्रॅम अशी आहे. २५ वाल्यांनी पुढचे बारा तास काही खाल्लं नाही. भावाचा प्रश्न मात्र असा आहे: तेवढंच प्रथिन एकदम खाऊ की विभागून खाऊ? त्यासाठी चौथा गट हवा होता, दर तीन तासांनी पंचवीस-पंचवीस ग्रॅम घेणारा. तो गट नाही. तेव्हा ‘एकदम खाल्लं तरी चालतं, विभागून खायची गरज नाही’ हे रीलमधलं वाक्य या पेपरने तपासलेलंच नाही.

एकूण मात्रा सारखी ठेवून तपासणारे अभ्यास आहेत. २०१३ मध्ये अरेटा आणि सहकाऱ्यांनी व्यायामानंतरच्या बारा तासांत ८० ग्रॅम व्हे प्रथिन तीन प्रकारे दिलं: दहाचे आठ, विसाचे चार, चाळिसाचे दोन भाग. विसाचे चार सरस ठरले. पण व्हे झटपट पचतं. मास्त्रिख्तच्या दुधाच्या प्रथिनात बहुतांश केसीन, ते जठरात दह्यासारखं गोठतं आणि सावकाश पुढे जातं. म्हणजे दोन पेपर एकमेकांच्या विरुद्ध आहेतच असं नाही. ते वेगवेगळ्या अन्नाबद्दल बोलताहेत. ‘प्रोटीन’ या एका शब्दाखाली दूध, व्हे, मांस आणि हरभरे एकाच रांगेत उभे केले की असे घोटाळे होणारच.

तिसरी गोष्ट चारपटीची. मात्रा चौपट झाली, बांधणी चौपट झाली नाही. २०-४० टक्के वाढ खरी आहे, पण पंचाहत्तर ग्रॅम जास्तीचं प्रथिन फुकट मिळत नाही. ज्याच्या खिशाला ते परवडतं त्याला हा फायदा दिसेल, बाकीच्यांनी हिशोब करावा.

खाल्लेलं गेलं कुठे?

चौथा मुद्दा साध्या अंकगणिताचा आहे. प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. १०० ग्रॅम प्रथिन म्हणजे १६ ग्रॅम नायट्रोजन. ज्या निरोगी प्रौढ माणसाचं वजन स्थिर आहे आणि जो रोज एवढं खातो, त्याच्या शरीरातून रोज जवळपास तेवढाच नायट्रोजन बाहेर पडतो, बहुतेक युरियाच्या रूपात. तसं नसतं तर काय झालं असतं पाहा. रोज ५० ग्रॅम प्रथिन अंगात साठलं असं धरू. स्नायूत प्रथिन साधारण पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे रोज पाव किलो स्नायू, महिन्याला साडेसात किलो! असा एकही माणूस मी जिममध्ये पाहिलेला नाही, आरशात स्वतःकडे टक लावून बघणाऱ्यांत तर नाहीच.

मग पेपर चुकीचा आहे का? नाही. शरीरात रोज अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिन मोडतं आणि पुन्हा बांधलं जातं. नवीन माल जुन्याच्या जागी बसतो, जुना जळतो. पेल्यातलं प्रथिन बारा तासांत जळलं नाही, म्हणजे ते कायमचं जमा झालं असं नव्हे. याच गटाच्या २०१५ च्या एका अभ्यासात २० ग्रॅम केसीन दिलं होतं. पाच तासांत त्यातलं ५५ टक्के रक्ताभिसरणात दिसलं, आणि स्नायूंच्या नव्या प्रथिनात पोचलं सुमारे ११ टक्के, म्हणजे २.२ ग्रॅम. बाकीचं वाया गेलं का? आतडं, यकृत, इतर अवयव हेसुद्धा आपलेच आहेत की! वापर म्हणजे फक्त दंड फुगणं, ही कल्पना आपण जिममधून घेतली आहे, शरीराची ती कल्पना नाही.

आमच्या आजीचं ताट

तेच रील फॅमिली ग्रुपवर आईनेही पाहिलं. आजी पंच्याहत्तरीची, वजन ४५ किलो. गेल्या पावसाळ्यात पडल्यापासून काठी घेऊन चालते. रात्री जेवत नाही, नुसता कपभर चहा. आई म्हणाली, “बरंच झालं, आता दुपारीच सगळं प्रोटीन घालते. रात्रीची कटकट नको.”

मला धस्स झालं. त्या ३६ जणांत एकही बाई नाही, एकही म्हातारा माणूस नाही, आणि सगळ्यांनी आधी व्यायाम केलेला. वृद्धांच्या स्नायूंना तेवढाच प्रतिसाद द्यायला जास्त मात्रा लागते. मूर आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या विश्लेषणात तरुणांना एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.२४ ग्रॅम पुरलं, वृद्धांना सुमारे ०.४ ग्रॅम लागलं. आजीच्या वजनाला हे १८ ग्रॅम होतं.

गंमत अशी की आईच्या बाजूने पुरावा आहे, फक्त तो या पेपरमध्ये नाही. फ्रान्समध्ये १९९९ साली आर्नाल आणि सहकाऱ्यांनी १५ वृद्ध स्त्रियांवर १४ दिवसांचा प्रयोग केला होता. दिवसाचं ८० टक्के प्रथिन दुपारी दिलेल्या गटाचा नायट्रोजनचा जमाखर्च विभागून खाणाऱ्यांपेक्षा बरा निघाला. वर्षभराने तरुण स्त्रियांवर तसाच प्रयोग केला तेव्हा तो फायदा दिसला नाही. उलट २०१४ च्या मॅमेरो यांच्या छोट्या अभ्यासात तिन्ही जेवणांत सारखं वाटून दिल्यावर चोवीस तासांतली स्नायूंची बांधणी सुमारे २५ टक्के जास्त होती. म्हणजे सरळ एका ओळीचं उत्तर कुठेच नाही.

पण आजीच्या बाबतीत मूळ अडचण वेगळीच आहे. तिची दुपार म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर पातळ आमटी, थोडी भाजी. मी हिशोब केला: भाकरीचे सहा ग्रॅम, आमटीत डाळ जेमतेम वीस ग्रॅम म्हणजे प्रथिन चार-साडेचार. दहा-अकरा ग्रॅम झाले. त्यात कडधान्यांचं प्रथिन अंड्याइतकं पचत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये कुरपाड यांच्या गटाने समस्थानिक वापरूनच भारतीय प्रौढांमध्ये हे मोजलं आहे. अंडं आणि कोंबडीच्या बाबतीत पचनीयता नव्वदीच्या आसपास आली, मूग आणि हरभऱ्यासारख्यांची बरीच कमी. मुगाची सालं काढल्यावर ती सुधारली. आयसीएमआर-एनआयएनची २०२० ची शिफारस आहे दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. आजीसाठी ते ३७ ग्रॅम होतात. जिथे तीसचा आकडा दिवसभरात गाठायची मारामार, तिथे ‘एका वेळी तीसच्या पुढचं काय होतं’ ही चर्चा म्हणजे रिकाम्या टाकीखाली उभं राहून ती किती लिटरची आहे यावर वाद घालणं.

आणि नुसतं प्रथिन वाढवूनही भागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ अनेक वर्षं एफएओमध्ये होते, नंतर पुण्यात राहिले. १९७० च्या दशकात जग ‘प्रथिनांची दरी’ म्हणून चिंता करत होतं तेव्हा ते सांगत होते की खरी कमतरता बहुतांशी एकूण अन्नाची आहे. पोटात पुरेशा कॅलरी नसतील तर शरीर खाल्लेलं प्रथिन सरपणासारखं जाळतं. त्यांच्या पुढच्या मांडणीवर कडक टीका झाली, आणि ती टीकाही वाचायला हवी. पण हा मूळ मुद्दा शरीरशास्त्राला धरून आहे. रात्री नुसत्या चहावर झोपणाऱ्या आजीच्या दुपारच्या अंड्याचं काय होत असेल, याचं उत्तर त्यात आहे.

मग काय सांगितलं?

भावाला सांगितलं: दर तीन तासांनी डबा उघडायची सक्ती नाही, कधीच नव्हती. दिवसाचा एकूण आकडा आधी बघ, मग सोयीने तीन-चार वेळा खा. शंभर ग्रॅम एकदम खायचं कारण त्या पेपरमध्ये नाही. आणि दोन वर्षांपूर्वी मी न वाचता उत्तर दिलं होतं, सॉरी. तो म्हणाला, “अंडी वाया नाही गेली ना? मग झालं.”

आईला सांगितलं: दुपारी वाढवतेस ते चांगलंच, पण रात्र सोडू नको. आमटीत डाळ जास्त, पाणी कमी. चहाऐवजी दुधातली खीर किंवा सालं काढलेल्या मुगाची मऊ खिचडी. मूत्रपिंडाचा काही त्रास नाही ना, हे आधी डॉक्टरांना विचारून घे. आणि काठीने का होईना, अंगणात चार फेऱ्या मारायला लाव, कारण स्नायूला नुसता माल पुरत नाही, काम पण लागतं.

आजी दोन दिवस खिचडी जेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुझ्या त्या कागदात लिहिलंय का, म्हातारीला रात्री भूक लागते म्हणून?”

नाही लिहिलेलं. त्या पेपरमध्ये म्हातारीच नाहीये.